बॉनेटवर ऊन येईपर्यंत

गोल, पिवळा स्पंज, तळहाताएवढा... आणि त्याच्या मधोमध सायीसारखा दाट पांढरा थेंब. एक नव्हे, आता चार झाले; संयोगितानं बाटली जरा जास्तच दाबली. वाढताना तिचा हात असाच सैल सुटतो—आमटी म्हणा, तूप म्हणा, जेवणाऱ्यानं आडवा हात धरला तरी पळीभर पडतंच—आणि इथं बाटलीवर लिहिलंय, गाडीच्या एका दरवाजाला दोन थेंब पुरे. दोन थेंबांत एवढा दरवाजा भिजणार कसा? पण भिजवायचा नाहीच आहे म्हणे. दिसेल न दिसेल असा पातळ थर द्यायचा, तो धुरकट होईपर्यंत थांबायचं, मग कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. पुढे कित्येक महिने रंगाची चमक टिकते. लेकानं, विश्वजितनं, पुण्याहून पाठवलीय ही पॉलिशची बाटली. "बाबांना तेवढाच विरंगुळा," असं म्हणाला फोनवर. विरंगुळा बाबांना, आणि कंबर माझी.

"सरळ रेघा मार," पोर्चमधल्या खुर्चीवरून विजयसिंह म्हणाले. "आनि दाबू नगंस की. त्याल न्हाय चोळायचं त्ये."

तेल... तिथंच तर चुकत होतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून, सात महिने, रोज सकाळी ती त्यांचा डावा हात चोळते; मनगटापासून कोपराकडं, कोपरापासून खांद्याकडं, नेहमी खालून वर, अंगठ्यानं दाबत दाबत—व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलेलं. तिच्या हाताला आता दुसरी चालच उरली नव्हती. दरवाजावरही तो आपोआप खालून वर जात होता, अंगठा रुतवत, जणू पत्र्याखाली एखादी शीर सापडणार आहे. आणि जिथं जिथं दाबलं तिथं जाड पट्टा उमटला होता, पुसायला गेलं की फडकं अडखळत होतं, गर्द तांबड्या रंगावर फरशीवरच्या वाळलेल्या पाण्यासारखे डाग दिसत होते. तिनं स्पंज बोटांच्या टोकांत धरला. पट्ट्याशेजारी पट्टा, जरासा एकमेकांवर चढवत, नुसतं टेकवल्यासारखं. आता जमलं.

विजयसिंह बघत होते. उचगावच्या फौंड्रीत तीस वर्षं फोरमन होते ते, बोट फिरवून ओतलेल्या कास्टिंगमधला केसाएवढा उंचवटा सांगायचे, आणि ही गाडी घेतल्यापासून अकरा वर्षांत तिला कुणी हात लावलेला त्यांना खपला नव्हता. दार लावलं की "हळू!" चप्पल न झटकता बसलं की "अगं!" धुणं त्यांचं, पुसणं त्यांचं, चालवणं तर त्यांचंच. संयोगिताची जागा डावीकडची, मांडीवर पिशवी घेऊन बसायची. आज त्यांनीच तिच्या हातात स्पंज दिला. का दिला ते तिला ठाऊक होतं. उद्या कागलला पुतण्याच्या, राजवीरच्या, घराची वास्तुशांत, आणि काल जेवताना त्यांनी जाहीर केलं होतं, "गाडी मी नेतो."

डॉक्टर त्यांना म्हणाले होते, इतक्यात गाडी नको. तिला बाहेर बोलावून म्हणाले होते, पुढंही कठीणच दिसतंय. हे दुसरं वाक्य तिनं अजून घरात आणलेलं नव्हतं. आणि तिसरी एक गोष्ट—गणपतीपासून ती योगाच्या वर्गाला म्हणून जाते ती विद्यापीठाच्या रस्त्यावर गाडी शिकायला. शिकवणारे आकाराम सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "वहिनी, मागं घेताना आरसा बघायचा. हाका मारनारा मानूस न्हाय." पंधरा दिवसांपूर्वी आलेलं लायसन तूरडाळीच्या डब्यामागं आहे. आज सांगू, उद्या सांगू... रोज भाकरी थापताना ती वाक्यं जुळवते. अहो, रागवू नका. अहो, अडीअडचणीला असावं म्हणून. खरं सांगायचं तर अडीअडचण वगैरे काही नाही, मला आवडतं. चौथा गिअर पडतो तेव्हा ऊर भरून येतो. तेव्हा मला यांच्या हाताची आठवण राहत नाही, आणि याची मला लाज वाटते.

तीन दरवाजे झाले. बॉनेटवर थर देऊन ती सरळ झाली, तेवढ्यात शेजारच्या पाण्याच्या टाकीवरून ऊन आलं. बॉनेटच्या टोकाला वीतभर, मग हातभर.

"वाळंल!" विजयसिंह खुर्चीत पुढं सरकले. "उन्हात वाळलं तर डाग निघत न्हायीत मग. गाडी मागं घ्याय पायजे, जिन्याच्या सावलीत. सम्राटला हाक मार."

तिनं कुंपणावरून शेजारी हाक मारली. सम्राट गडहिंग्लजला गेलाय, त्याची बायको आतूनच म्हणाली.

"किल्ली आन. मीच घेतो."

ती हलली नाही. ते काठी टेकून उठले, डावा पाय ओढत दोन पायऱ्या उतरले. डावा हात पोटाशी दुमडलेला, चोळून चोळून गुळगुळीत झालेला... आणि मागचा गिअर त्याच हातानं टाकायचा. त्यांना हे कळत नव्हतं? कळत होतं. चेहऱ्यावर घाम होता. ते फोरमन होते, कोणतं यंत्र चालणार नाही हे त्यांना लांबूनच कळायचं.

संयोगितानं आत जाऊन किल्ली आणली, काठी बगलेत धरून त्यांनी पसरलेल्या उजव्या हातासमोरून गेली आणि उजवीकडचं दार उघडून बसली.

क्लच. मागचा गिअर. आरसा. आता ओरडतील, आता ओरडतील... तिनं खांदे आवळून घेतले होते, इतकी वर्षं प्रत्येक ओरडण्याला घेतले तसे. गाडी हळू मागं सरकली, सावलीत शिरली, थांबली. एकही हाक आली नाही. तिनं इंजिन बंद केलं तेव्हा आपल्या श्वासाचा आवाज तिलाच ऐकू आला.

ते तिथंच उभे होते, उन्हात.

"कधीपास्नं?"

"गणपतीपास्नं."

"लायसन?"

"हाय."

त्यांनी मान हलवली. बॉनेटकडं पाहिलं, हात लावला नाही. मग, नर्सला पाणी मागताना दवाखान्यात लागायचा तसल्या आवाजात म्हणाले, "उद्या... तुला किती वाजता सोयीचं हाय?"

सोयीचं. एकतीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांनी तिच्यासाठी कधी वापरला नव्हता. ती हुरळायला हवी होती, पण तसं झालं नाही. ओरडा की हो. दार हळू लाव म्हणा, क्लच जाळलास म्हणा, कुणाला विचारून शिकलीस म्हणा. त्या सगळ्याची उत्तरं माझ्याकडं तयार आहेत, तीन महिने पाठ केलीत. त्यांची परवानगी कशी मिळवायची एवढाच विचार तिनं केला होता. आता ती द्यायची पाळी तिच्यावर आली होती, आणि ते तिला नको होतं, अजिबात नको होतं. स्टिअरिंगवरचे हात तिला काढता येईनात. खिडकीबाहेर विजयसिंह काठीवर भार देऊन तिच्या उत्तरासाठी थांबले होते.