तेलासकट मेलेल्या पेशी

माशाच्या तेलातली मेदाम्लं हृदयाच्या पेशींना वाचवतात. सिद्ध झालं, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, म्हणजे सरांचा, फोटो संस्थेच्या मासिकात आला. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही लिहिलेलं नाही.

झालं ते असं. उंदराच्या पिल्लांच्या हृदयाच्या पेशी बशीत ठेवल्या की शरीर नसतानाही धडधडत राहतात. कामावरून काढल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नसतं. माझं काम त्यांना छळायचं. वरून पेरॉक्साइड घातलं की त्यांच्यावर ऑक्सिडेटिव्ह ताण येतो, म्हणजे पेशी आतून गंजते. मग किती वाचल्या ते मोजायचं. बिनतेलाच्या पेशी मी मार्चमध्ये छळल्या; सगळ्या मेल्या. तेल पाजलेल्यांची पाळी जूनमध्ये आली. एकही मेली नाही. सर तीन वर्षांत पहिल्यांदा ‘शाब्बास’ म्हणाले आणि मी गाढवासारखी घरी जाऊन बाबांना सांगितलं.

जुलैत पेरॉक्साइडची बाटली मला खिडकीत सापडली. भर उन्हात. तिची जागा फ्रिजमध्ये, अंधारात. त्या जागी सरांचा जेवणाचा डबा.

“सर, ही इथे कधीपासून?”

“एप्रिलपासून. डबा बाहेर नासतो ना.”

उन्हात पेरॉक्साइडचं हळूहळू पाणी होतं. म्हणजे जूनमध्ये मी त्या पेशींना पाण्यानं छळलं होतं. नवी बाटली मागवली, दोन्ही बशा एकाच दिवशी लावल्या. तेलवाल्या आणि बिनतेलाच्या खांद्याला खांदा लावून मेल्या. तीनदा केलं, तीनदा मेल्या. तेल वाईट आहे असं नाही. आम्हाला काहीच कळलेलं नाही, एवढंच कळलं.

“तुझा हात जड आहे,” सर म्हणाले.

“शाब्बासकी याच हातानं मिळवली होती, सर.”

“मासिक वाटून झालंय. आता गप्प बस.”

मी गप्प बसले. दोन दिवस. ते दोन दिवस मला आजही चावतात.

तिसऱ्या दिवशी वसतिगृहातून घरी गेले तर बाबांची हृदयाच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेलेला माणूस.

“बाबा, गोळ्या?”

“बंद केल्या. तेल घेतो, दोन-दोन चमचे.”

“कुणी सांगितलं?”

“तूच की.”

“मी महिनाभर डोकं फोडतेय,” आई आतून म्हणाली. “तर म्हणतात, पोरगी शास्त्रज्ञ आहे, तू कोण? काल जिन्यात दोनदा बसले.”

“दम लागला नव्हता. विचार करत होतो,” बाबा म्हणाले.

“बाबा, ते चुकलं होतं. सगळं चुकलं होतं!”

“मग मासिकात कसं आलं? तुझ्या साहेबांचा फोटो आहे. तुझा आहे का?”

मी इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. सरांना शिव्या घातल्या, संस्थेला घातल्या, मग स्वतःला. बाबांनी शांतपणे चमचा पुसला.

“एवढं असेल तर लिहून आण. सही, शिक्का. मग बघू.”

म्हणून हा अर्ज.

प्रति,
माननीय संचालक.

विषय: माझ्या वडिलांना उद्देशून प्रमाणपत्र मिळणेबाबत.

महोदय, संस्थेने खालील मजकुराचे पत्र गोल शिक्क्यासह द्यावे, ही नम्र विनंती: ‘आमचा निष्कर्ष चुकीचा आहे. तो चुकीचा असल्याचे आम्हाला सांगण्यात आले होते. आपल्या मुलीचे ऐकावे व गोळ्या आजपासून सुरू कराव्यात.’ खाली सरांची सही असावी, शाईची. फोटो जोडल्यास उत्तम. पत्र आज संध्याकाळी सातच्या आत घरपोच करावे, कारण वडील साडेसातला जेवतात आणि गोळी जेवणानंतरची आहे.