चाकं वर

हार्लनकाकांनी मला विमान उडवायला शिकवलं, आणि शिकवताना शिव्याही पोटभर घातल्या. पाण्यावर उतरायच्या आधी ते दर वेळी मोठ्यानं म्हणायचे, "पाणी आहे. चाकं वर." आमच्या विमानाला तरंगायला तराफे असतात आणि त्या तराफ्यांत चाकं. धावपट्टीवर चाकं खाली, पाण्यावर वर. पाण्यावर खाली राहिली, तर विमान नाकावर पालथं पडतं आणि आतल्यांचं काही खरं नाही.

मला विमान उडवायला लागून तेवीस वर्षं झाली. आता मी कशाला ओरडू? मनात म्हणते. म्हणजे, म्हणते असं समजते.

काका वारले, त्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण परवा त्यांच्या गावी होतं. त्यांची बायको, सेलिनामावशी, सिटकाच्या धावपट्टीवरून निघताना माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर हेरिंग माशाच्या अंड्यांनी लगडलेल्या फांद्यांचं खोकं घेऊन. काकांचा जीव त्या अंड्यांवर.

गावाच्या खाडीवर आलो तर वारा नुसता पिसाळलेला. म्हटलं, "मावशी, फिरूया का मागे?"

"ह्या अंड्यांतला त्याचा वाटा आगीला दिल्याशिवाय तिथं कुणी घास उचलणार नाही. तुला जमत नसेल तर फीर बाई."

झोंबलं मला. बेटाच्या आडोशाला लाटा जरा बारीक होत्या. वाऱ्याकडे तोंड करून खाली यायला लागले. डोळे लाटांवर, सगळं लक्ष तिथंच.

"पोरी, ते म्हण ना."

"काय ते?"

"त्याचं ते."

"मावशी, गप्प बस गं! इथं माझी काय तारांबळ उडालीय!"

"एकदाच."

"पाणी आहे! चाकं वर!" मी खेकसले. आणि तोंडापाठोपाठ नजर जुन्या सवयीनं चाकांच्या दिव्यांकडे गेली. चारही हिरवे. निघाल्यावर वर घेतलीच नव्हती. चाकं खाली.

इंजिनाला होता नव्हता तेवढा जोर दिला, लाटांवरून वर आले, चाकं वर घेतली. दिवे निळे झाले, म्हणजे चाकं वर. दुसऱ्या फेरीत तीनदा ओरडले आणि आदळत आपटत उतरले.

धक्क्याला लागल्यावर विचारलं, "तुला दिवे दिसले होते?"

"कसले दिवे?" मावशी म्हणाली. "छत्तीस वर्षं ऐकून कान किटले होते माझे. चाळीस दिवस झाले, कुणी म्हटलंच नाही गं. ऐकावंसं वाटलं."

मला रडू फुटलं. तसंच तिचं खोकं उचललं, तर ते एका बाजूला कलंडलं.

"नीट धर," ती म्हणाली. "त्याची अंडी सांडशील."