गाडी उभी आहे

यंत्रात आडव्या झोपलेल्या काकांनी तिसऱ्यांदा पाय खाली दाबला आणि तिसऱ्यांदा मेंदूचा फोटो हलला.

"ताई, आलंय तेवढ्यावर भागवा ना," काचेअलीकडे बसलेला त्यांचा मुलगा म्हणाला. "म्हातारपणाचं विसरणंच आहे ते. सोमवारी वृद्धाश्रमात जागा मिळालीय, त्यांना रिपोर्ट हवाय. डायपर बदलून बदलून बायको टेकीला आलीय हो."

ताईंना त्याची दया आली आणि रागही आला. एमआरआयच्या यंत्रावर बावीस वर्षं काढलेली बाई ती! हललेल्या फोटोला ती फोटोच म्हणत नसे.

"अर्धवट फोटोवर मी कुणाला कुठं पाठवत नाही. वडील काय करायचे?"

"तीस वर्षं बस चालवली."

"तरीच. यंत्र धडधडलं की ब्रेक मारतात, आणि डोकं हलतं."

ताईंनी घड्याळ, केसातल्या पिना काढल्या, कानात बोळे घातले, यंत्राची बटणं सहकाऱ्याकडे सोपवली आणि आत जाऊन काकांचा उजवा पाय दोन्ही हातांत धरला.

"काका, गाडी डेपोत लागली. उभी आहे. हँडब्रेक ओढलाय."

"उतारू उतरले?"

"सगळे उतरले."

पाय सैल पडला. वीस मिनिटं वाकून ताईंच्या कंबरेचा काटा ढिला झाला, पण फोटो लख्ख आले. मेंदूतल्या पोकळ्या टम्म फुगलेल्या दिसत होत्या. निदान सांगणं डॉक्टरांचं काम, म्हणून ताईंनी तोंडाला कुलूप लावलं. फोन मात्र उचलला. "मॅडम, आत्ताच्या आत्ता या."

डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मुलाला म्हणाल्या, "हे नुसतं म्हातारपण वाटत नाही. डोक्यात पाणी साठलंय. चाल, लघवी, आठवण, तिन्ही त्यानेच बिघडल्या असाव्यात. पाठीतून थोडं पाणी काढून बघू. फरक पडला तर पाणी निचरायला आत नळी बसवता येईल."

"सोमवारी सोडून येणार होतो मी त्यांना," मुलगा एवढंच म्हणाला.

फरक पडला. नळीही बसली.

तीन महिन्यांनी काका तपासणीला आले. हळू, पण सरळ चालत. ताईंना त्यांनी ओळखलं नाही. मनाला जरा लागलंच, पण ताई स्वतःशीच हसल्या.

"बाई, बाथरूम कुठं आहे?"

"डावीकडे, शेवटचं दार."

मुलगा सवयीने उठला.

"बसा तुम्ही," ताई म्हणाल्या.

काका एकटेच आत गेले. दार लागलं, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.