येसराच्या वासाचा रेडिएटर

मित्रांनो, या तापलेल्या जगात स्वतः तापून दुसऱ्याला थंड ठेवणाऱ्या थोर परंपरेतला मी आहे. म्हणजे मी एक जुना रेडिएटर आहे. नुकताच गळायचा थांबलो आहे.

माझं अंग तांब्याचं, टाक्या पितळेच्या. चौसाळ्याच्या शहादेवच्या पिकअपमध्ये मला अगदी पुढं बसवलं. इंजिनाचं गरम पाणी माझ्या बारीक नळ्यांतून फिरायचं, समोरून वारा लागायचा, पाणी निवायचं. पण लोक कौतुक करायचे ते हॉर्नचं.

माझं कौतुक एकट्या दगडाबाईला. ती शहादेवची आई. पुढच्या सीटवर तीच बसायची. घाट चढून गाडी थांबली, की मी निवेपर्यंत ती वाट बघायची आणि मला फडक्यातून गाळलेलं पाणी पाजायची. "आधी त्याला, मग तुला," असं तहानलेल्या लेकाला सांगायची.

एकदा मांजरसुंब्याच्या घाटात मी गळू लागलो. आमच्याकडं गळक्या रेडिएटरात हळद टाकतात; भोक बुजतं. दगडाबाई लेकीकडं निघाली होती. तिच्या पिशवीत हळदीचा डबा होता आणि येसराचाही. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं, मसाल्याचं पीठ. लग्नातली आमटी त्याचीच. शहादेवनं घाईत नेमका तो डबा माझ्यात उपडा केला.

"आरं, तो येसर हाय," दगडाबाई म्हणाली.

"आता पडला, माय."

"मग पुरता तरी टाक. पातळ आमटी मला आवडत न्हाई."

गळती थांबली. पण तेव्हापासून घाट लागला की पिकअपला आमटीचा वास सुटायचा. ढाब्यावरची कुत्री मागं लागायची. लग्नातल्या बिनआमंत्रणाच्या पाहुण्यासारखं मला वाटायचं.

पीठ ते पीठच. माझ्या नळ्या चोंदत गेल्या, इंजिन तापू लागलं. त्याच सुमारास दगडाबाई वारली. घाटात मला पाणी पाजायला कुणी उतरेना. शेवटी शहादेवनं मला पाटोद्याच्या अजिनाथ मिस्त्रीकडं टाकलं आणि प्लास्टिकच्या टाकीचा नवा बसवला. त्याच्या भंगाराच्या ढिगात माझ्यावर एक कोंबडी अंडी घालायची. तिथलं कौतुक एवढंच.

यंदा तो नवा फुटला. तसा दुसरा मिळेना. जुना सापडला नाही तर पिकअप भंगारात, एवढंच उरलं होतं. शहादेव बायकोला, पंचशीलाला, घेऊन पाटोद्याला आला. ढिगात माझ्या मापाचे बरेच होते, सगळे हळदीनं पिवळे, पण ते दुसऱ्यांचे. दुसऱ्याचा देणार नाही, यावर अजिनाथ ठाम.

"यातला तुझा कोणता, बे?"

"वळखू येईना."

"बायको तरी वळखतो का?"

"ती मला वळखती, म्हणून भागतं."

गळती बघायला अजिनाथ एकेकात कढत पाणी ओतू लागला. माझ्यातून वाफ निघाली आणि पंचशीला जागीच थांबली.

"आत्याबाईंचा येसर," ती म्हणाली.

शहादेव माझ्या तोंडावर वाकला. बराच वेळ त्यानं मान वर केली नाही. "हाच माझा."

"आतून धुवावा लागंल," अजिनाथ म्हणाला. "समदं निघंल, तवाच पाणी फिरंल."

"वास बी जाईल?"

"वास कावून पाहिजे, बे? गाडी चालवायची का आमटी वरपायची?"

पंचशीला हळूच म्हणाली, "घरातले त्यांचे डबे मी त्या गेल्या तवाच घासले. अन् माझा येसर काही तसा होत न्हाई." मग तिनंच अजिनाथला सांगितलं, "धुवा, दादा. त्या बी म्हणाल्या असत्या, आधी त्याला."

मला धुतलं. तपकिरी पाणी अंगणातून नालीला गेलं. शहादेव तिकडं पाठ करून उभा होता. मग अजिनाथनं भोकाला कथलाचा डाग दिला आणि मी पुन्हा माझ्या जागी बसलो.

आता मी गळत नाही. घाट चढून गाडी थांबते, मी निवतो, आणि शहादेव टोपण काढून अजूनही वाकून वास घेतो. माझ्याकडं साधं पाणी असतं. त्याच्यासाठी थोडा येसर मागं ठेवायला हवा होता, पण नळी चोंदलेली आहे की मोकळी, यात मधलं काही नसतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, माणसं आहेत तोवर त्यांच्या हातचं शिकून घ्या, असं मी सांगणार होतो. पण ते मोठं काम आहे. तूर्त एवढंच करा: आमच्यात मसाला घालायची वेळ आलीच, तर मीठ घालू नका. ते पितळ खातं.