काळ्या मखमलीची पाठ

मित्रांनो, माझ्यासारख्याने स्वतःविषयी काही सांगावे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मी एक जुना काळा मखमली झगा आहे. खरे तर होतो म्हणायला हवे. आता मला बाह्या नाहीत, गळा नाही, घेर नाही. उरला आहे तो पाठीचा चौकोनी तुकडा, आणि तोच तुमच्याशी बोलतो आहे. कंटाळा आला तर सांगा, मी थांबेन.

माझा जन्म एका शिवणकामाच्या दुकानात झाला. खाली दुकान, वर घर. दुकान काकूंचे. त्यांच्या हाताखाली दोघी राबत: एक त्यांची मुलगी आणि दुसरी, आईबाप गेल्यावर त्यांच्या पदरी पडलेली पुतणी. ही पुतणी माझी मालकीण. तिला काळ्याची विलक्षण ओढ होती, म्हणून घरात तिला सगळे ‘कावळी’ म्हणत.

तिला जो साज आवडे त्याला गॉथिक म्हणतात. तुम्ही चित्रांत पाहिला असेल. हनुवटीपर्यंत चढलेला गळा, मनगटावर झुलणारी काळी लेस, आवळलेली कंबर, जमिनीला टेकणारा घेर. ते भुताचे सोंग नव्हे. त्यात एक अदब असते. ती म्हणायची, “काळ्यात रंग मदतीला येत नाही. सगळं कापणीवर आणि शिवणीवर.”

एका गिऱ्हाइकाने नाकारलेल्या पडद्याचे कापड काकूंनी तिच्या अंगावर टाकले. “घे. तसंही उंदरांनीच खाल्लं असतं.” त्यातून मी झालो. मखमलीला मांजराच्या पाठीसारखी बारीक लव असते. बहुतेक जण ती वरून खाली येईल असे कापड ठेवतात. तिने उलटे ठेवले, लव खालून वर. त्यामुळे माझा काळा रंग विहिरीतल्या पाण्यासारखा खोल झाला. पुढे काळ्या काचेच्या बटणांची रांग, आणि पाठ मात्र एकसंध, एकाही शिवणीवाचून. त्या पाठीचा मला अभिमान होता. अभिमान वाईट, हे मला मागाहून कळले.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक मोठे दुकान होते. तिथे अशाच पोशाखात बायकांना नखशिखान्त सजवून देत. तिथे एक जागा निघाली. अट एकच होती, स्वतः शिवलेला पोशाख घालून आणि स्वतःला स्वतःच सजवून यायचे. काम मिळाले तर दुकानाच्या माडीवर राहायला खोलीही होती. म्हणजे या घरातून सुटका. माझ्या मालकिणीने तेवढ्यासाठी मला शिवले होते.

“जा की,” काकू म्हणाल्या. “मी कुणाला बांधून ठेवलंय?”

“भूत म्हणून लागणार का गं कामाला, ताई?” चुलत बहीण खिदळली.

“भुताला पगार नाही देत कुणी,” काकू म्हणाल्या, आणि मायलेकी हसल्या. तीही हसली. त्या घरात हसण्यावाचून तिला काही करता येत नसे.

काकूंच्या दुकानाचा एक रिवाज होता. जिने कपडा शिवला तिने शेवटची इस्त्री करायची नाही, दुसरीने करायची. आपली चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही, म्हणून कपडा दुसरीच्या डोळ्याखालून जावा. रिवाज चांगलाच होता. त्या सकाळी मला काकूंनी मागून घेतले. “आण इकडे. एवढं तरी करू दे मला.” माझ्या मालकिणीचे डोळे भरून आले.

ती आरशापुढे बसली. चेहऱ्यावर फिकट पावडरीचा पातळ हात, भुवया रेखलेल्या, डोळ्यांत काजळ आणि ते बोटाच्या टोकाने धुरासारखे पसरवलेले, ओठांवर पिकल्या जांभळासारखा गडद रंग. केसांचा खाली बसणारा अंबाडा घालून त्यात एकच काळी कंगवापिन. ती किती शांतपणे सजत होती! आणि पलीकडच्या खोलीत मी टेबलावर होतो.

मखमलीवर सरळ इस्त्री ठेवत नाहीत, मित्रांनो. खाली मखमलीचाच दुसरा तुकडा घेतात, लवेवर लव पालथी घालतात आणि उलट्या बाजूने हलकी वाफ देतात. त्या घरात हे सगळ्यांना माहीत होते. काकूंनी मला टणक लाकडावर सुलटे पसरले. तापलेली इस्त्री उचलली आणि माझ्या पाठीच्या मधोमध ठेवली. नुसती ठेवली नाही, तिच्यावर भार दिला.

“आई, लव बसली की परत उठत नाही,” मुलगी हळूच म्हणाली.

“माहीत आहे मला.”

“मग?”

“मग काय? ती गेली की तिचं काम कोण करणार? तू?”

मुलगी दाराकडे सरकली.

मला ओरडता आले असते तर! काकूंनी इस्त्री उचलली तेव्हा माझ्या पाठीवर तिचा चकचकीत राखाडी ठसा होता, टोक मानेकडे. मग त्यांनी मला कोटासारखा मागून धरला आणि पुतणीने समोर बघतच माझ्यात हात घातले. काचेची बटणे एकेक करून लागली. घरात-दुकानात मिळून आरसा एकच, आणि तो चेहऱ्यापुरता.

“कशी दिसते?” तिने विचारले.

बहीण दारात उभी होती. तिच्या ओठांवर शब्द आला होता, मी पाहिला. तिने आईकडे बघितले. “छान दिसतेस,” ती म्हणाली.

रस्त्यात लोक मागे वळून पाहत. कुणीतरी फिसकन हसले. तिला सवय होती. आपल्या काळ्याला हसतात असे समजून तिने मान आणखी ताठ केली.

मोठ्या दुकानाच्या बाईंनी तिला समोरून न्याहाळले. गळा, लेस, डोळे, नखे. त्यांची मान डोलत होती. “हात चांगला आहे तुमचा. आता वळा.”

ती वळली.

“इस्त्री कुणी केली?” बाईंनी विचारले.

तिला वाटले, कौतुकच चालले आहे. सगळे काम येते असे दिसावे म्हणून ती म्हणाली, “तीही मीच.”

“मग तुम्हाला मखमल कळत नाही.”

बाईंनी तिला पाठही दाखवणाऱ्या तीन फळ्यांच्या आरशापुढे उभे केले. तिने स्वतःची पाठ पाहिली. मागे बसलेल्या मुलींपैकी एक तोंडात रुमाल कोंबून हसत होती. आता ‘काकूंनी केली’ म्हणायचे तर आधी खोटे बोलल्याचे कबूल करावे लागणार. ती तशीच दाराबाहेर पडली.

घरी आली तर काकू म्हणाल्या, “आलीस? बरं झालं. बारा काजं राहिलीत.”

ती काजे करायला बसली. पुढे तिनेच मला उसवले. लेस दुसऱ्या कुणाच्या गळ्याला गेली. पाठीचा तुकडा तिने इस्त्रीखाली घ्यायला ठेवला. इतर बायकांचे मखमली झगे माझ्यावर पालथे पडतात, त्यांची लव जपली जाते, आणि वाफ मला लागते.

काही वर्षांनी काकूंची नजर गेली, पण जीभ शाबूत राहिली. कामाचा सगळा बोजा आता बहिणीवर आला. मग त्याच मोठ्या दुकानात पुन्हा जागा निघाली आणि बहिणीने स्वतःसाठी काळी मखमल शिवली. रिवाजाप्रमाणे इस्त्री माझ्या मालकिणीकडे आली. बहीण टेबलाजवळून हलेना. पण काकूंनी खालून हाका मारमारून तिला नेलेच.

मालकिणीने झगा माझ्यावर पालथा घातला. इतकी हळुवार वाफ मला आजवर कधी लागली नव्हती. एक लव मोडली नाही.

बहीण धावत वर आली, झगा घातला, बटणे लावली. “ताई, पाठ बरी आहे ना गं?”

मालकीण सुईत दोरा ओवत राहिली.

“ताई, सांग ना!”

दोरा सुईतून गेला. तिने गाठ मारली.

बहीण गेली. संध्याकाळी परतली तेव्हा काजळ गालांवर उतरले होते. “बाई म्हणाल्या, जी सारखी मान वळवून स्वतःचीच पाठ बघते, ती दुसऱ्याला काय सजवणार. काय होतं गं माझ्या पाठीवर?”

“काही नाही.”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

मालकिणीने दुसरा झगा माझ्यावर पालथा घातला आणि इस्त्री उचलली.

मित्रांनो, शेवटी काही बोध सांगावा लागतो, आणि मला तो नीट जमत नाही. मखमल जपा, एवढे तर म्हणतोच. आणि कुणी तुमच्याकडे पाठ करून ‘बरी आहे ना’ असे विचारले, तर जे असेल ते सांगा. डाग असेल तर डाग. नसेल तर नाही म्हणून सांगा, तेही लगेच सांगा.