पांढऱ्या केसांची हद्द

जखम पांढऱ्या केसांच्या कडेशी येऊन थांबली होती. तट्टाच्या कपाळापासून नाकपुड्यांपर्यंत उतरलेल्या पांढऱ्या पट्ट्यावरची कातडी लाल, सुजलेली, खपल्या धरलेली. आणि जिथे तांबूस केस सुरू होत, तिथून पुढे एक ओरखडाही नाही. मागच्या पायाचंही तसंच. खालचा पांढरा भाग चिघळलेला, वरचा तांबूस भाग निरोगी. चिखल किंवा माशा अशी निवड करत नाहीत. ऊन करतं. पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी त्याला आधी सापडते.

धाकटीने त्या तट्टाचं, चांद्याचं, तोंड हातात धरून हे सगळं पाहिलं, तेव्हा वसंताचं ऊन नुकतंच कडक होऊ लागलं होतं. ती दादाची धाकटी बहीण, जनावरांची डॉक्टर. तबेला दादाचा, म्हणजे खरं तर वहिनीचा. मुलांना घोड्यावर बसायला वहिनीच शिकवायची. ती गेल्याला वर्ष उलटून गेलं होतं. शिकवणी बंद पडली आणि मागे उरले दादा, काळी नावाची घोडी आणि वहिनीने बाटलीने दूध पाजून वाढवलेला हा चांद्या.

"चिखलाने झालंय," दादा म्हणाला होता. "रोज औषधी साबणाने धुतो, कोरडं करतो, मलम लावतो. आता डॉक्टरीणबाईंनी एखादं लांबलचक नाव सांगावं, म्हणजे माझं समाधान होईल."

"हा जांभया फार देतो का?"

"देतो की. दिवसभर माझ्या गप्पा ऐकतोय, दुसरं काय करेल?"

"भिंतीला कपाळ टेकून उभा राहतो?"

दादाच्या हातातला ब्रश थांबला. "मधूनमधून. तुला कोणी सांगितलं?"

सांगितलं होतं ते कातडीनेच. यकृत निकामी होऊ लागलं, की गवतातला हिरवा रंग पचून उरलेलं एक द्रव्य शरीराबाहेर पडत नाही. ते रक्तात फिरत राहतं आणि जिथे ऊन पोचतं तिथे कातडी भाजून काढतं. इतर विषं मेंदूवर चढतात, आणि जनावर जांभया देत भिंतीला कपाळ टेकून उभं राहतं. धाकटीने त्याच दिवशी चांद्याच्या मानेतून रक्त घेतलं. तपासणीचा निष्कर्ष तिने दादाला फोनवर नीट समजावून सांगितला. यकृत बरंचसं गेलंय, ते परत येणार नाही, आणि पुढे काय करायचं हे आपल्याला लवकरच ठरवावं लागेल. मग दादाने विचारलं, "मग मलम कुठलं लावू?"

तिने मलमाचं नाव सांगितलं. दिवसभर सावलीत ठेव, नाकावर कापडी झापड बांध, खपल्या ओढून काढू नकोस, कोमट पाण्याने भिजवून सुटू दे. त्यानंतर प्रत्येक भेटीत ती मूळ विषयाला, इंजेक्शन देऊन चांद्याला सुखाने जाऊ देण्याच्या गोष्टीला, हात घालायची आणि दादा वेळ मारून न्यायचा. चहा टाकतो म्हणायचा, नालांचं बोलायचा, आणि तीही चहा पिऊन निघायची. माणसाच्या हाताला काम हवं, ते आपण देतोय, असं ती परतीच्या वाटेवर स्वतःला समजावायची. पूर्ण पटायचं नाही.

आज तिला पाहताच दादा तबेल्यातूनच ओरडला, "ये, तुझा पेशंट बघ."

झापड सरकवून तिने पाहिलं, कातडी भरून आली होती. पट्ट्यावर नवे पांढरे केस उगवले होते, पायावर फक्त फिकट डाग उरले होते. इतक्या निगुतीने बरी केलेली कातडी तिने तिच्या नोकरीत क्वचितच पाहिली असेल. त्या कातडीखाली बरगड्या मोजता येत होत्या. चांद्या कोपऱ्यात भिंतीला कपाळ दाबून उभा होता आणि हाक मारली तरी त्याचा कान हलला नाही.

"छान झालंय दादा," ती म्हणाली. ते खरंच होतं. मग तिने पिशवी खाली ठेवली. "मागच्या वेळी मी काळीचंही रक्त नेलं होतं. तिच्याही यकृताला थोडी झळ लागलीय. अंगावर पांढरा केस नाही, म्हणून बाहेरून दिसलं नाही. ती वाचेल, पण दोघांनी काय खाल्लं ते आजच शोधायला हवं."

दादाचा चेहरा उतरला. "माझ्याच कुरणातलं गवत खातात. मी स्वतः कापलंय, स्वतः वाळवलंय."

ती गवताच्या खोलीत गेली, एक गठ्ठा सोडला आणि मूठ मूठ पसरत बसली. फार शोधावं लागलं नाही. जाड, तपकिरी देठ, टोकाला सुकलेल्या फुलांचे झुबके. काही पाकळ्यांचा पिवळा रंग अजून टिकून होता.

"ही होय," दादा म्हणाला. "ही तर तुझ्या वहिनीची फुलं. दर उन्हाळ्यात कुरणातून कवळभर घेऊन यायची. हातमोजे घालून, घामाघूम होऊन. मी चिडवायचो, घरात एक ठेवत नाहीस, मग नेतेस कुणाला? नुसती हसायची. गेल्या वर्षी ती नव्हती, म्हणून मी एकही तोडलं नाही. म्हटलं, असू देत तिच्यासाठी."

धाकटीने देठ मांडीवर ठेवला. हे तण मुळासकट उपटत जा, असं वहिनीला तिनेच सांगितलं होतं. दादाला ठाऊक असेल असं दोघी धरून चालल्या होत्या.

"ती फुलं नेत नव्हती दादा. विषारी तण उपटत होती. मागच्या शेडजवळ नेऊन जाळायची."

दादा गठ्ठ्यावर बसला. मग म्हणाला, "पण चांद्या त्या झाडांना कधी तोंड लावायचा नाही. मी पाहिलंय."

"ओलं असताना कडू लागतं. वाळलं की कडवटपणा जातो. विष तेवढंच राहतं."

"म्हणजे हिवाळाभर मी हाताने भरवलं त्याला."

नाही म्हणणं तिच्या जिभेवर आलं होतं. "तुला माहीत नव्हतं," एवढंच ती बोलू शकली.

"तिने कधीतरी सांगितलंही असेल. मी हसण्यावारी नेलं असेल."

तो उठून तबेल्यात गेला, तीही मागोमाग गेली. दादाने सवयीने मलमाचा डबा उघडला, बोटावर मलम घेतलं आणि चांद्याच्या पट्ट्यावर हात नेला. लावायला जागाच नव्हती. बोट तसंच हवेत राहिलं.

"दुखतंय का त्याला?"

"कातडी नाही दुखत आता," धाकटी म्हणाली. "पण आपण कुठे आहोत हे त्याला उमगत नाही. कदाचित कोण जवळ आहे, तेही नाही."

दादाने बोट काठाला निपटून मलम परत डब्यात घातलं. झाकण घट्ट लावलं. मग चांद्याच्या नाकावरची झापड सोडली, तिची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"ऊन उतरलं की त्याला कुरणात नेऊ," तो म्हणाला. "धरायला मी उभा राहतो. तू सोडव त्याला."