पेल्यातली सुपारी

प्रभुभोजनाचे पेले धुण्याचं काम माझ्याकडे आहे. काचेचे, बोटभर उंचीचे पेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी मनुका उकळून केलेला रस त्यांत ओतायचा, सभा संपली की हापशावर धुवायचे, पुसून पेटीत ठेवायचे. मार्चमध्ये एका पेल्याच्या तळाशी मला सुपारीचा तुकडा दिसला. भिजून फुगलेला, आणि कडेला लालसर लाळ. मला तिथंच शिसारी आली.

कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या सभेत गुटखा खाणारा एकच, आणि तो माझा नवरा. महारुद्र. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षं झाली, नाव तेच राहिलं आणि पुडीही तीच. सेलूच्या एका जिनिंगवर कामाला आहे. कापसाची धूळ घशात जाते म्हणून पुडी लागते, हे त्याचं कारण. धूळ तर तिथल्या बायकांच्याही घशात जाते. त्या गूळ खातात.

तरी चार वेळा त्याने सुटल्याची साक्ष दिली आहे. आमच्यात रीतच आहे. कुणाची दारू सुटली, कुणाचा मटका सुटला, की त्याने पुढं येऊन सांगायचं. मग टाळ्या, हालेलुया, गाणं. चारही वेळा मी इस्त्रीची साडी नेसून त्याच्या शेजारी उभी होते आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. दोन-तीन आठवडे बरे जायचे. मग पुडी सापडायची सायकलच्या सीटखाली, नाहीतर बुटात. एकदा तर बायबलच्या चेनच्या कव्हरात सापडली. कव्हरातून तो गोड, कुजका वास आला तेव्हा मी पुस्तकसुद्धा उन्हात टाकलं.

त्याचं तोंड आता दोन बोटंच उघडतं. परभणीच्या डॉक्टरने सांगितलं, आज सोडली तर ठीक, नाहीतर जबडा कापावा लागेल. भाकरी तो दुधात कालवून खातो. ते बघताना मला दया यायला हवी, पण येते ती किळस. मी त्याला पिकदाणी म्हणते. लेकीसमोरही म्हणते. माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी सासू बायनाबाई जाईपर्यंत म्हणत होती, आणि म्हातारीचं खोटं नव्हतं.

तो पेला मी धुतला नाही. पिशवीत गुंडाळून पर्समध्ये ठेवला. कारण पास्टर सिद्धोधन त्याच दिवशी महारुद्रला म्हणाले होते, "पुढच्या महिन्यात वालूरची चार नवी घरं येणार हायत. तुमी साक्ष द्या. तुमच्या साक्षीनं लोकांला लय बळ येतं." महारुद्रने मान हलवली. मी ठरवलं, हा पाचव्यांदा खोटं बोलायला उभा राहिला की पेला सगळ्यांसमोर धरायचा. महिनाभर मी ते मनात घोळवत होते. भाजी चिरताना त्याच्याकडे बघायचे आणि मला बरं वाटायचं.

एप्रिलचा पहिला रविवार. पत्र्याची खोली गच्च भरलेली, सतरंजीवर एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. महारुद्र पुढं गेला. मी पर्सची चेन उघडली.

"म्या सुटलो न्हाई," तो म्हणाला. तोंड उघडत नसल्याने शब्द दातांतून येत होते. "आज सकाळीच खाल्लीय. मागच्या महिन्यात तर तोंडात असतानाच प्रभूचा पेला घेतला."

मागून कुणीतरी सवयीनं हालेलुया म्हणालं आणि गप्प झालं.

"चार डाव साक्ष दिली. देताना खरीच वाटायची. पण एकदा टाळ्या पडल्या, की पुन्हा खाल्ली हे सांगायला तोंड राहत न्हाई. मग लपून खायची. तवा आज टाळ्या नको. दर रविवारी मला इचारा फकस्त, खाल्ली का म्हणून."

पास्टरनी गाण्याचं पुस्तक उघडलं, मिटलं. असल्या साक्षीवर म्हणायचं गाणं आमच्याकडे नाही.

आणि मला राग आला. माझा डाव त्याने हिसकावला म्हणून राग आला. तो आता खरं बोलतोय याचं काही नाही, माझा पेला वाया गेला याचं दुःख. मांडीवरच्या त्या पर्सकडे बघून मला स्वतःची जी शिसारी आली, तशी सुपारी बघूनही आली नव्हती. महिनाभर नवऱ्याची उष्टी लाळ जपून ठेवणारी बाई. पेल्यांचं तबक आलं, महारुद्रने न घेता पुढं दिलं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मीही पुढं दिलं. शेजारच्या चतुराबाईनं कोपरानं ढोसलं, मी मान खाली घातली.

सभा सुटल्यावर मी हापशावर पेले धुवायला बसले. शेवटी पर्समधला काढला. तळाचा तुकडा वाळून चिकटला होता, नखाने खरवडू लागले. तेवढ्यात महारुद्र समोर आला. तुकड्यावरून त्याने पेला ओळखला.

"कवापासून ठिवलाय?"

"मागल्या महिन्यापासून."

 तो हापशाचा दांडा धरून पाणी मारू लागला. पेला स्वच्छ निघाल्यावर त्याने खिशातून पुडी काढून माझ्या ओल्या हातात दिली.

"ही शेवटली, असं म्हणत न्हाई. उद्या जीव खालवर हुईल, मागंन. देऊ नको." मग खाली बघत म्हणाला, "आन् शिव्या बी देऊ नको, नीलम. तू पिकदाणी म्हणलीस की म्या सरळ टपरीवरच जातो."

"बघते," मी म्हणाले. पुडी मी संडासात टाकली.

सोमवारी सकाळी कामावर निघायच्या आधी तो चुलीपाशी आला. कपाळावर घाम होता.

"निम्मी तरी दे," तो म्हणाला.

माझ्या तोंडात सगळं भरून आलं. पिकदाणी तर होतीच, तिच्यामागे त्याचा बाप, त्याची साक्ष, त्याचा कुजका जबडा. आठ वर्षं मी हे असंच त्याच्या अंगावर थुंकत आले होते. मी तोंड मिटलं आणि गिळलं. घसा कडू झाला. डब्यातली भाजलेली बडीशेप काढून त्याच्या हातावर ठेवली.

त्याने मूठ मिटली. पण गेला नाही, शिवीची वाट बघत तसाच उभा राहिला.